गरम पाणी बंद पडते तेव्हा

थंड देशांत घर तापविणारी यंत्रणा ही घराच्या पायाइतकीच आवश्यक मानली जाते. भिंतीलगतच्या नळ्यांतून गरम पाणी फिरते, खोल्या उबदार राहतात आणि ती यंत्रणा हिवाळ्यात बंद पडली, तर कुटुंबाला घर सोडून दुसरीकडे मुक्कामाला जावे लागते. पुण्याला अशा यंत्रणेची गरज कधी भासली नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी येथील पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण ती अपवादाची नोंद होय. एरवीच्या हिवाळ्यात स्वेटर, रजई आणि दुपारचे ऊन एवढ्यावर पुणेकरांचे भागते. येथे भिंती तापवाव्या लागत नाहीत, तापवावे लागते ते पाणी. म्हणून पुण्यातील घराची तापनव्यवस्था म्हणजे स्नानघरातील गिझर, गच्चीवरील सौर बंब किंवा गॅसवरचे पातेले, इतकीच.

तरीही ही लहानशी व्यवस्था बंद पडली की घराचे वेळापत्रक कोलमडते. बिबवेवाडीसारख्या भागात हे विशेष जाणवते. मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर असल्याने व्यापारी घरातील पहाट लवकर होते. कोणाला गाळ्यावर पोहोचायचे असते, कोणाला स्नान करून पूजेला जायचे असते, मुलांची शाळेची बस ठरलेल्या मिनिटाला येते. पाच-सहा माणसांच्या एकत्र कुटुंबात पहाटे पाच ते सात या दोन तासांत सर्वांची स्नाने उरकायची असतात. अशा वेळी नळाला गार पाणी आले की जो तो उपाय शोधू लागतो. आणि धोका नेमका तेथे उभा राहतो. गार पाण्याने फार तर हुडहुडी भरते. जिवावर बेतते ते घाईघाईने केलेल्या पर्यायामुळे. गिझर बिघडल्यावर काय करावे, याचे उत्तर म्हणूनच दुरुस्तीपासून सुरू होत नाही. ते बटण बंद करण्यापासून सुरू होते.

बंबाचा जुना नियम

पेठांतील वाड्यांत एके काळी तांब्याचा बंब असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेले असे बंब अजूनही काही घरांच्या माळ्यावर सापडतात. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जागा आणि बाजूला तोटी, अशी त्याची सोपी रचना होती. बंब पेटविणाऱ्या घरातील बायकांना एक नियम तोंडपाठ असे : आधी पाणी भरावे, मग विस्तव घालावा. रिकाम्या बंबात विस्तव पडला की त्याचे डाग वितळत आणि बंब गळू लागे.

विजेच्या गिझरलाही हाच नियम लागू आहे. त्याची कॉइल पाण्यात बुडालेली असेल, तरच तिची उष्णता पाणी शोषून घेते. टाकी रिकामी असताना बटण दाबले तर कॉइल जळते. पुण्यात देखभालीच्या कामासाठी महापालिकेचे पाणी बऱ्याचदा गुरुवारी बंद असते; इमारतीवरील टाकी कोरडी पडते आणि शुक्रवारी पहाटे नळातून आधी हवा, मग खळखळ करीत पाणी येते. अशा दिवशी गरम पाण्याच्या नळाला अखंड धार लागल्याखेरीज गिझर चालू करू नये. नवीन गिझर बसविल्यावर किंवा टाकी रिकामी करून साफ केल्यावरही हाच क्रम पाळावा.

विजेचा गिझर

पाणी गार आले म्हणजे गिझर बिघडलाच, असे नव्हे. २ किलोवॉटच्या गिझरला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज आणि वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पाहुणे आले आणि चौथ्या माणसाला कोमट पाणी मिळाले, तर दोष यंत्राचा नसून हिशेबाचा असतो. दोन स्नानांमध्ये पुरेसे अंतर ठेवले की ती तक्रार मिटते.

गिझरचा दिवाच लागत नसेल, तर प्रथम घरातील इतर वीज चालू आहे का, ते पाहावे. संपूर्ण इमारतीची वीज गेली असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. केवळ गिझरचाच स्विच पडला असेल, तर तो कोणता स्विच आहे, हे ओळखणे महत्त्वाचे. एमसीबी पडते ती प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यामुळे. आरसीसीबी, जिला पुष्कळ लोक अजून ईएलसीबी म्हणतात, ती पडते ती वीज कोठेतरी गळत असल्यामुळे. घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भाग, इतक्या गळतीला वीज तोडते. एवढासा प्रवाहही ओल्या अंगातून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे कॉइलवर क्षारांचा थर बसतो. आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉइलचे आवरण तडकते आणि वीज पाण्यात उतरू लागते. त्या क्षणी आरसीसीबी पडणे हा बिघाड नव्हे. तो पहारेकऱ्याचा इशारा आहे. तो एकदा आल्यानंतर स्विच पुन्हा पुन्हा वर करून पाहणे, किंवा 'आजचा दिवस निभावू द्या' म्हणून वायरमनकडून आरसीसीबी वगळून थेट जोडणी करून घेणे, हे दुकानातील तिजोरीचे कुलूप काढून ठेवण्यासारखे आहे. एकदा वर करून स्विच पुन्हा पडला, तर गिझर बंद ठेवून जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवावे, आणि त्याच्याकडून कॉइलबरोबर अर्थिंगही तपासून घ्यावे.

दिवा लागतो, पण पाणी तापत नाही, अशी तक्रार असेल, तर कॉइल जळालेली असते, थर्मोस्टॅट निकामी झालेला असतो किंवा अतिउष्णतेपासून रक्षण करणारा कटआउट तुटलेला असतो. हे तिन्ही भाग बदलता येतात. त्यासाठी नवा गिझर घेण्याची गरज नसते. टाकीच गळू लागली, तर मात्र दुरुस्तीवर पैसा घालू नये. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातील क्षार टाकीच्या पत्र्याऐवजी आधी तिला खातात. ती स्वतः झिजून टाकी वाचविते. जड पाण्याच्या भागात दर एक-दोन वर्षांनी ही कांडी पाहून घेतली, तर गिझरचे आयुष्य वाढते. बहुतेक घरांत तिचे अस्तित्वही ठाऊक नसते आणि सर्व्हिसला आलेला माणूस केवळ बाहेरून पुसून निघून जातो.

आणखी एक गोष्ट कित्येकांच्या लक्षात येत नाही. गिझर तापत असताना त्याच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडते. पाणी तापले की प्रसरण पावते आणि वाढलेला दाब त्या वाटे बाहेर पडतो. हे थेंब गळती समजून व्हॉल्व्हचे तोंड बूच मारून बंद करणे अत्यंत घातक आहे. दाबाला वाट उरली नाही आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटते. थेंब खुपत असतील, तर व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी. नळी कोठेही मुडपू नये आणि तिचे तोंड उघडे राहावे.

गॅस गिझर आणि बंद खिडकी

गॅस गिझर बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. ठिणगी देणारे सेल उतरलेले असतात, पाण्याचा दाब कमी झालेला असतो किंवा सिलिंडर संपलेला असतो. सेल बदलले की तो पुन्हा पेटतो. मोठा धोका तो बंद पडण्यात नाही. चालू असण्यात आहे.

गॅस पुरेशा हवेत जळाला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. या विषारी वायूला तसा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, मळमळते आणि माणसाला कडी काढण्याचीही शुद्ध राहत नाही. स्नानघरात असे बेशुद्ध पडण्याच्या घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदल्या गेल्या असून त्यांना 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावही मिळाले आहे. काही रुग्णांना झटका आल्याने प्रथम अपस्मार समजून उपचार सुरू झाल्याचेही त्यांत नमूद आहे. असे प्रसंग थंडीत अधिक घडतात. कारण बोचरा वारा येऊ नये म्हणून खिडकी तेव्हाच घट्ट लावलेली असते.

म्हणून गॅस गिझर स्नानघरात कधीही बसवू नये. तो बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत असावा आणि पाणी तेवढे नळाने आत यावे. बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल, तर तीही खोलीच समजावी. विजेचा गिझर बिघडला म्हणून तात्पुरता गॅस गिझर आत टांगणे हा पर्यायच नव्हे. स्नानाला गेलेली व्यक्ती नेहमीपेक्षा अधिक वेळ आत राहिली आणि हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडावे, गॅस बंद करावा, तिला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. घरातील वयस्कांनी व गर्भवती सुनांनी आतून कडी न लावता दार केवळ लोटून घ्यावे. संकोचापेक्षा जीव मोठा.

इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या घरातील गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून, स्वयंपाकाची शेगडी वगळता, असे जळणारे उपकरण असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजरही बसवावा लागतो. मुलगा किंवा मुलगी लंडनला असलेल्या घरांतील ज्येष्ठांनी तिकडे तो गजर पाहिलाही असेल. असे गजर आपल्याकडेही विकत मिळतात.

पाण्याचा रॉड आणि गॅसवरचे पातेले

गिझर बंद पडला की पुष्कळ घरांत माळ्यावरचा रॉड खाली येतो. वर्षभर पडून असलेल्या रॉडची वायर कडक झालेली असते, प्लग सैल असतो, कधी तो पाच अँपिअरच्या पिनेत कसाबसा बसविला जातो. २ किलोवॉटचा रॉड जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेटच हवा. पाणी तापले की नाही, हे बादलीत बोट घालून पाहण्याची सवय कित्येकांचे प्राण घेऊन गेली आहे. बटण बंद करून, प्लग काढून, रॉड बाहेर घेतल्यानंतरच पाण्याला हात लावावा. बादली प्लास्टिकची असली तरी हा नियम बदलत नाही. लहान मुले असलेल्या घरात रॉड वापरूच नये, हे उत्तम.

सर्वांत सुरक्षित तात्पुरता उपाय म्हणजे स्वयंपाकघरातील पातेले, आणि तो वाटतो तितका अपुरा नाही. १० लिटर उकळत्या पाण्यात २० अंशांचे ३० लिटर पाणी मिसळले की ४० अंशांचे ४० लिटर, म्हणजे दोन भरलेल्या बादल्या, पाणी होते. काटकसरीने वापरले, तर त्यात तीन माणसांचे स्नान होते. पथ्य इतकेच की बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम ओतावे. उकळते पाणी लहान भांड्यांतून न्यावे. त्या वेळी वाटेत मुले नसावीत. भाजले, तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

जैन घरांत येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. गिझरचे किंवा सौर यंत्राचे पाणी कितीही कढत लागले, तरी ते उकळलेले नसते. ते साठ-सत्तर अंशांवर थांबते आणि टाकीत तासन्तास साठून राहते. वर्षीतप, आयंबिल किंवा उपवास करणाऱ्यांसाठी लागणारे पिण्याचे पाणी चुलीवर नीट उकाळूनच घ्यावे लागते. त्यामुळे गिझर बंद पडल्याने तपस्वींच्या पाण्याची सोय बिघडत नाही. मात्र सकाळी एकाच शेगडीवर दोन्ही पातेली चढतात, तेव्हा तपस्वींच्या पाण्याला पहिला मान द्यावा.

गच्चीवरचा सौर बंब

बिबवेवाडीतील अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सौर जलतापन यंत्रे आहेत. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही अशा यंत्रांची किंवा छतावरील सौर विजेची तरतूद आहे. ही यंत्रे बंद पडली की ती कोणा एकाची जबाबदारी नसते, म्हणून ती महिनोन्महिने तशीच राहतात.

त्यातील तोट्याचा हिशेब व्यापारी घरांना सहज कळेल. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. प्रत्येकी १०० लिटर वापरणाऱ्या वीस सदनिकांची इमारत घेतली, तर बंद सौर यंत्रामुळे रोज ९३ आणि महिन्याला सुमारे २,८०० युनिट वीज अधिक जळते. ती वीस बिलांत विभागली जाते, म्हणून कोणालाच दिसत नाही. पुणे महापालिका पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्क्यांपर्यंत सवलत देते. परंतु तो प्रकल्प चालू असणे ही त्याची अट आहे. यंत्र बंद ठेवून सवलत घेणे हे खोटी नोंद करून नफा दाखविण्यासारखे होय.

सौर पाणी गार येण्याची कारणे शोधताना सुरुवात गच्चीपासून करावी. नळ्या फुटल्या आहेत का, त्यांवर धुळीचा थर आहे का, यंत्राला पाणी पुरविणारी टाकी भरते का, नळीत हवा अडकली आहे का, हे पाहावे. नळ्या सकाळी लवकर, त्या गार असतानाच धुवाव्यात. उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की ती तडकते. गच्चीवर सारे ठीक असूनही पाणी गार येत असेल, तर कारण बहुधा एखाद्या सदनिकेत असते. मिक्सरचे गरम व गार असे दोन्ही नळ उघडे ठेवून शेवटचे बटण किंवा जेट तेवढे बंद केले, तर दाबाने पुढे असलेले गार पाणी मिक्सरमधून गरम पाण्याच्या नळीत शिरते. एका घरातील या सवयीमुळे संपूर्ण विंगला गार पाणी येते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. प्रत्येक घराच्या गरम पाण्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसविला की हा प्रश्न सुटतो. तोपर्यंत दोन्ही नळ बंद करण्याची सवय हीच शेजारधर्माची पहिली पायरी.

देखभालीच्या खर्चासाठी नव्याने वर्गणी काढण्याची गरज नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड यांची तरतूद आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सौर यंत्राच्या वार्षिक देखभाल कराराचा विषय त्याच सभेत मांडला, तर काम थंडीपूर्वी पूर्ण होते.

यंत्राचेही खाते असावे

व्यापारी घरात दुकानाच्या प्रत्येक पैशाची नोंद असते. घरातील गिझर कोणत्या वर्षी घेतला, हे मात्र कोणालाच आठवत नाही. बिल हरवते, वॉरंटी कार्ड सापडत नाही आणि टाकीवरील पाच-सात वर्षांची हमी हाती असूनही नवा गिझर विकत घेतला जातो. यासाठी एक लहान वही पुरेशी आहे. खरेदीची तारीख, जीएसटीचे बिल, हमीची मुदत, शेवटची सर्व्हिस, बदललेले भाग, दुरुस्ती करणाऱ्याचा क्रमांक आणि दिलेली रक्कम, एवढ्या नोंदी त्यात असाव्यात. हमीच्या मुदतीत दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे शब्दाला नव्हे, कागदाला किंमत असते.

ही वही एकाच माणसाच्या हाती नसावी. गिझर बंद पडतो तेव्हा घरातील पुरुष बहुधा गाळ्यावर असतात आणि निर्णय घरातील स्त्रियांना घ्यावा लागतो. मुख्य स्विच कोठे आहे, गॅसचा कॉक कसा बंद होतो, आरसीसीबी कोणती आणि एमसीबी कोणती, हे आजीपासून शाळेतल्या नातवापर्यंत सर्वांना दाखवून ठेवावे. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही सांगावे. ओल्या हाताने बटण दाबण्याची वेळ त्यांच्यावरच अधिक येते.

दिवाळीला व्यापारी कुटुंबात वहीपूजन होते आणि नव्या वर्षाचे हिशेब उघडतात. पुण्याची थंडीही त्याच सुमारास पडू लागते. वहीपूजनाच्या आठवडाभर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून कॉइल, कांडी, व्हॉल्व्ह व अर्थिंग पाहून घ्यावे, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून ती पडते याची खात्री करावी आणि तपासणीची तारीख वहीत लिहावी. इतके केल्यावरही डिसेंबरातील एखाद्या पहाटे गिझर बंद पडलाच, तर स्विच बंद करून गॅसवर पातेले चढवावे. गाळा अर्धा तास उशिरा उघडला, तर कोणाचे फारसे नुकसान होत नाही.